साडेअकरा लिटरच्या डब्यात पाणी

सिल्व्हरस्टोन या तैवानी कंपनीची ‘एसजी १३’ नावाची कॅबिनेट २२२ मिमी रुंद, १८१ मिमी उंच आणि २८५ मिमी खोल आहे. गुणाकार केला की साडेअकरा लिटर भरतात. टेबलाखाली उभी असते ती नेहमीची टॉवर कॅबिनेट सहज चाळीस-पन्नास लिटरची असते. एसजी १३ मध्ये १७० बाय १७० मिमीचा मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड तळाला आडवा बसतो, त्याच्या डोक्यावर पूर्ण आकाराचा एसएमपीएस येतो आणि शेजारी ग्राफिक्स कार्ड. या गर्दीत प्रोसेसरवरच्या कूलरला उंची उरते ६१ मिमी. मोठ्या कॅबिनेटमध्ये लोक हौसेने बसवतात तो नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा कूलर १६५ मिमी उंच आहे. इथे तो अर्ध्यापर्यंतही मावणार नाही.

लहान कॅबिनेटमध्ये लिक्विड कूलिंग शिरलं ते या ६१ मिमीमुळे. पंप आणि तांब्याचा तळ एकत्र असलेला वॉटर ब्लॉक साधारण ५० मिमी उंच असतो. तो एसएमपीएसच्या खाली निमूट बसतो, उष्णता उचलतो आणि दोन नळ्यांवाटे पुढच्या भिंतीवरच्या रेडिएटरकडे पाठवतो. प्रोसेसरच्या डोक्यावर नसलेली जागा भिंतीपाशी सापडते. सगळा व्यवहार एवढाच आहे.

पाण्याने संगणक ‘थंड होतो’ असं सर्रास बोललं जातं, तिथूनच चुकीच्या खरेदीला सुरुवात होते. पाणी इथे हमाल आहे. ओझं उचलायचं आणि दुसरीकडे नेऊन टाकायचं, एवढंच त्याचं काम. मात्र हमाल जबरदस्त आहे. एका लिटर पाण्याचं तापमान एक अंशाने वाढवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात सुमारे साडेतीन हजार लिटर हवा एक अंशाने तापते. प्रोसेसर २०० वॅट उष्णता फेकतोय आणि नळीतून मिनिटाला एक लिटर पाणी फिरतंय असं धरा. ब्लॉकमध्ये शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात फरक पडतो जेमतेम तीन अंशांचा. म्हणजे पाण्याच्या बाजूला अडचण फारशी नसतेच. पंप आणखी जोरात फिरवून किंवा नळी जाड करून हाती फार काही लागत नाही.

अडचण आहे ती दुसऱ्या टोकाला. तेच २०० वॅट रेडिएटरमधून शेवटी हवेलाच द्यायचे असतात. ताशी ८५ घनमीटर हवा रेडिएटरमधून गेली, तर ती सात अंशांनी तापून बाहेर पडते. पत्र्याच्या जाळीने, धुळीच्या फिल्टरने किंवा समोर दाटलेल्या वायरींनी हवा अडवली आणि ती निम्म्यावर आली, तर तीच हवा चौदा अंशांनी तापते. मग पाणी तापतं, त्यामागे प्रोसेसर तापतो. म्हणून माझ्या लेखी लहान कॅबिनेटचं मॉडिफिकेशन हे पाण्याचं काम कमी आणि पत्र्याचं काम जास्त आहे. दुकानात पंप, दिवे आणि रंगीत द्रावाची चर्चा रंगते, पण तापमान ठरतं ते पत्र्यातल्या भोकावर.

हा प्रकार नवा मुळीच नाही. आयबीएमच्या १९८० सालच्या ३०८१ या मोठ्या संगणकात चिपांचे संच पाण्याने थंड केलेल्या धातूच्या पेट्यांत बसवले होते. १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर इलेक्ट्रॉनिक्स थेट फ्लुओरिनर्ट नावाच्या वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलं होतं. पुण्याच्या ‘आयसर’मध्ये २०१९ साली बसलेल्या परम ब्रह्म महासंगणकातही प्रोसेसरपर्यंत नेलेल्या द्रवानेच उष्णता काढतात. घरगुती बाजू याहून गमतीची आहे. २००० च्या आसपास अमेरिकेतले हौशी लोक भंगारातल्या मोटारींचे हीटर कोअर आणत. १९७७ च्या पॉन्टिॲक बॉनव्हिलचा कोअर त्यांच्यात खास नावाजलेला होता. त्याला माशांच्या टाकीचा पंप जोडायचा, संगणक थंड. तयार, सीलबंद ‘ऑल-इन-वन’ म्हणजे एआयओ किट बाजारात रुळले ते नंतर. आणि मिनी-आयटीएक्स हा मदरबोर्डचा आकार तैवानच्या व्हिया कंपनीने २००१ मध्ये आणला, तेव्हा त्यावर दोनशे वॅटचा प्रोसेसर बसेल असं कुणाच्या स्वप्नातही नसावं. तो आकार मुळात कमी विजेवर चालणाऱ्या यंत्रांसाठी होता.

पत्र्याला हात लावण्याआधी एक फुकटचा उपाय करून बघावा. एएमडीच्या रायझन प्रोसेसरांना बायॉसमध्ये ‘इको मोड’ असतो. १७० वॅट दर्जाचा रायझन ९ ७९५०एक्स पूर्ण भारावर २३० वॅटपर्यंत वीज ओढतो; ६५ वॅटच्या इको मोडमध्ये ही मर्यादा ८८ वॅटवर येते. कामाचा वेग त्या प्रमाणात मुळीच घटत नाही, कारण शेवटच्या थोड्या वेगासाठीच प्रोसेसर सर्वांत जास्त वीज खात असतो. इंटेलच्या बोर्डांवरही वीजमर्यादा अशीच खाली आणता येते. एवढं केल्यावर ३७ मिमीचा बुटका एअर कूलर पुरत असेल, तर कापाकापीचा बेत सोडून द्यावा. ६५ वॅटच्या प्रोसेसरवर लिक्विड कूलिंग लावणं ही हौस आहे. हौसेला मोल नसतं, पण तिला गरज म्हणू नये.

दुसरी परीक्षाही फुकट आहे. कॅबिनेटचं पुढचं आवरण आणि वरचं झाकण काढून ठेवा, संगणक अर्धा तास पूर्ण भारावर चालवा आणि तापमान लिहून ठेवा. मग झाकण लावून तोच प्रयोग करा. फरक दोन-तीन अंशांचा असेल तर पत्रा निर्दोष आहे. दहा-बारा अंशांचा निघाला तर चोर सापडला. कित्येक जुन्या कॅबिनेटच्या जाळीत भोकांपेक्षा पत्राच जास्त असतो.

एसजी १३ च्या पुढच्या बाजूला १२० किंवा १४० मिमी फॅनची सोय मुळातच दिलेली आहे, त्यामुळे तिथे एकेरी रेडिएटर फारशी हत्यारं न काढता बसतो. खरं काम निघतं ते सीडी ड्राइव्हच्या जमान्यातल्या छोट्या कॅबिनेटमध्ये, जिथे पुढची सगळी जागा ड्राइव्हच्या पिंजऱ्याने अडवलेली असते, किंवा छताला २४० मिमीचा दुहेरी रेडिएटर लटकवायचा असतो तेव्हा. नावात २४० असलं तरी तो रेडिएटर दोन्ही टोकांच्या टाक्यांसह २७५ मिमीच्या पुढे जातो. रुंदी १२०, जाडी २७. त्यावर २५ मिमीचा फॅन, म्हणजे छतापासून खाली ५२ मिमीची पट्टी रिकामी हवी. या पट्टीत बहुतेक वेळा रॅम आडवी येते. साधी रॅम सुमारे ३१ मिमी उंच असते. डोक्यावर तुरे असलेली, दिवे लागणारी रॅम चाळिशी ओलांडते. लहान कॅबिनेटसाठी बिनतुऱ्याचीच घ्यावी.

मिलिमीटर मिळवायच्या दोन जुन्या युक्त्या आहेत. पहिली, एसएमपीएस बदलायचा. नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस १५० बाय ८६ बाय १४० मिमी, म्हणजे १.८ लिटर जागा खातो. एसएफएक्स आकाराचा १२५ बाय ६३.५ बाय १०० मिमी, म्हणजे ०.८ लिटर. साडेअकरा लिटरमध्ये एक लिटर मोकळा होणं म्हणजे चैन. एसएफएक्स जुन्या भोकांवर बसवायला पत्र्याची ॲडॉप्टर पट्टी मिळते. दुसरी युक्ती म्हणजे रेडिएटर छताच्या आत आणि फॅन छताच्या बाहेर, मध्ये पत्रा. आतले २५ मिमी वाचतात. डोक्यावर फॅन घेऊन बसलेली कॅबिनेट देखणी दिसत नाही हे मान्य. मला चालते.

कापायचं ठरलं की आधी कॅबिनेट पूर्ण रिकामी करायची. मदरबोर्ड, एसएमपीएस, पुढचं पॅनेल, पॉवर बटणाची वायरसुद्धा बाहेर. ‘थोडंसंच तर कापायचंय, मदरबोर्डवर प्लॅस्टिक टाकू’ असा विचार मनात आला की हातातलं हत्यार खाली ठेवावं. पत्र्याचा कीस केसाएवढा बारीक असतो, तो प्लॅस्टिकच्या घडीतून आत शिरतो आणि महिन्याभराने दोन पिनांच्या मध्ये जाऊन बसतो. ड्राइव्हचा पिंजरा बहुधा पॉप रिवेटांनी जोडलेला असतो. रिवेटच्या डोक्यात मधोमध खळगा असतो, ड्रिलचं बीट तिथे आपोआप बसतं. सव्वातीन-साडेतीन मिमीचं बीट हळू चालवलं की डोकं कडीसारखं निघून बीटावर येतं आणि मागचा तुकडा पंचाने ठोकून पाडता येतो. रिवेटच बीटासोबत गरगर फिरायला लागला तर मागून पक्कडीने धरायचा.

आखणी थेट पत्र्यावर करू नये. आधी मास्किंग टेप पसरून लावायची आणि तिच्यावर गुण्या धरून पेन्सिलीने रेषा मारायच्या. टेपचे दोन फायदे: रेघ स्पष्ट दिसते आणि हत्यार घसरलं तर रंगावर ओरखडा उठत नाही. १२० मिमीच्या फॅनची चार भोकं १०५ मिमीच्या चौरसाच्या कोपऱ्यांवर असतात. दुहेरी रेडिएटरवर लांबीच्या दिशेने अंतरं बहुधा १०५, १५, १०५ अशी येतात. तरी छापील आकड्यांवर न विसंबता आपल्याच रेडिएटरवर कागद दाबून, भोकांचे ठसे उमटवून घ्यावेत. प्रत्येक खुणेवर सेंटर पंचाने टोचा मारल्याशिवाय ड्रिल टेकवायचं नाही, नाहीतर बीट गुळगुळीत पत्र्यावर नाचतं आणि भोक दोन मिमी सरकतं. चार भोकांतलं एक जरी सरकलं तरी चौथा स्क्रू बसत नाही. मग भोक कानशीने लांबट करत बसावं लागतं.

मोठ्या गोल भोकासाठी साडेचार इंची होल सॉ, म्हणजे ११४ मिमीचा, १२० च्या फॅनला नेमका पडतो. या कॅबिनेटचा पोलादी पत्रा मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो, त्यामुळे तो थरथरतो आणि होल सॉचे दात त्याला धरून फाडतात. मागे प्लायवूडचा तुकडा शिकंज्यांनी घट्ट आवळला की ही थरथर थांबते. ड्रिलचा वेग कमी आणि दाब बेताचा ठेवायचा. ॲल्युमिनियमची कॅबिनेट असेल तर दातांत धातू चिकटून बसतो. आपल्याकडचे फिटर तिथे रॉकेलचे थेंब सोडतात, ते बरोबर आहे. सरळ कापाला छोट्या रोटरी टूलची चकती सोपी जाते, पण ठिणग्या उडतात आणि चकती फुटू शकते, म्हणून गॉगल लावायचाच. हे सगळं अंगावर घ्यायचं नसेल तर पॅनेलचं नीट माप देऊन लेझर कटिंगवाल्याकडून नवीनच कापून घ्यावं. भोसरीसारख्या औद्योगिक भागात अशी वर्कशॉप आहेत. काम सुबक होतं. फक्त एका पत्र्याचं काम घ्यायला ते तयार व्हायला हवेत.

पूर्ण छत कापून जाळी बसवायचा मोह टाळावा. लहान कॅबिनेटचा ताठपणा छताच्या पत्र्यातूनच येतो. दोन गोलांच्या मधली पट्टी ठेवली तर डबा पिळत नाही. कापलेली कड कानशीने, मग पॉलिश पेपरने घासून तिच्यावर रबरी बीडिंग चढवायचं. आपल्याकडे आणखी एक काम असतं. पोलादी पत्र्यावरचा जस्ताचा थर फक्त पृष्ठभागावर असतो, कापलेल्या कडेला नागडं लोखंड उघडं पडतं. मुंबईच्या किंवा कोकणच्या दमट खाऱ्या हवेत त्यावर एका पावसाळ्यात गंज दिसतो. बीडिंगच्या आधी झिंक प्रायमरचा एक हात मारावा. शेवटी डबा झटकून, लोहचुंबक फिरवून, पाण्याने धुऊन आणि पूर्ण वाळवून मगच सामान आत.

सगळ्यांत महाग पडतो तो स्क्रू. रेडिएटरच्या भोकामागे लगेच पाण्याच्या चपट्या नळ्या आणि पातळ पंख असतात. काही रेडिएटरांत भोकामागे संरक्षक पट्टी असते, काहींत नसते. मधे २५ मिमीचा फॅन असेल तर ३० मिमीचा स्क्रू लागतो. रेडिएटर थेट पत्र्याला लावायचा तर पाच-सहा मिमीचा पुरतो. ड्रॉवरमधला दहा-बारा मिमीचा ‘बसेल असा’ स्क्रू तिथे पिळला तर तो सरळ नळीत घुसतो, आणि नवा रेडिएटर पहिल्याच दिवशी भंगारात जातो. आट्यांचाही घोळ आहे. काही रेडिएटरांना एम३चे आटे असतात, काहींना ६-३२ हे इंची. एम३चा स्क्रू ६-३२ च्या भोकात सैल लागतो, ६-३२ चा एम३ मध्ये जबरदस्तीने घातला तर आटे जातात. हाताने दोन फेरे सहज फिरला तरच स्क्रू-ड्रायव्हर लावावा.

हवा कोणत्या दिशेने न्यायची यावर हौशी मंडळी तासन्‌तास वाद घालतात. बाहेरची हवा रेडिएटरमधून आत घेतली तर प्रोसेसर थंड राहतो, पण तापलेली हवा कॅबिनेटमध्ये, ग्राफिक्स कार्डाच्या तोंडावर येते. उलट लावलं तर ग्राफिक्स कार्डाने तापवलेली हवा रेडिएटरला मिळते. माझं मत असं: कार्डाला शेजारच्या जाळीतून स्वतःची ताजी हवा मिळत असेल तर रेडिएटर छताला, हवा बाहेर. नसेल तर रेडिएटर पुढे, हवा आत. दोन्ही पर्यायांत एक गोष्ट विसरली जाते. बुटका एअर कूलर खाली वारा मारतो, त्यातून प्रोसेसरभोवतीच्या वीजपुरवठ्याच्या चिपांना, म्हणजे व्हीआरएमला, आयता वारा मिळत असतो. वॉटर ब्लॉक बसवला की तो वारा बंद. प्रोसेसर ७० अंशांवर खूश आणि शेजारचा व्हीआरएम शंभरीकडे, असं लहान कॅबिनेटमध्ये सहज घडतं. एखादा ८० मिमीचा फॅन तिकडे तोंड करून बसवता आला तर उत्तम.

नळ्यांची जागाही आधीच मोजावी. एआयओच्या नळ्या मोठ्या कॅबिनेटच्या हिशेबाने लांब आणि ताठ असतात. लहान डब्यात त्या जास्तीच्या लांबीला जायला जागा नसते आणि बळेच वळवली तर नळी मुडपते. शिवाय सीलबंद किटमध्येही थोडी हवा असतेच, आणि वर्षागणिक नळ्यांतून सूक्ष्म प्रमाणात पाणी उडून गेल्याने ती वाढते. ही हवा सर्वांत उंच जागी जमते. ती जागा रेडिएटरचा वरचा भाग असेल तर बिघडत नाही. ती पंपात जमली तर पंप कुरकुरतो आणि कोरडा फिरून मरतो. म्हणून पंपाची पातळी रेडिएटरच्या वरच्या कडेच्या खाली हवी. एसजी १३ सारख्या आडव्या बोर्डाच्या कॅबिनेटमध्ये ब्लॉक तळाजवळ असल्याने हे आपोआप जमतं. उभ्या बोर्डाच्या कॅबिनेटमध्ये रेडिएटर तळाला टाकणाऱ्यांना मात्र वर्ष-दोन वर्षांनी आवाज ऐकू यायला लागतो.

सुटे भाग जोडून स्वतःचा लूप बांधणाऱ्यांसाठी धातूंची जोडी महत्त्वाची. तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम झिजत जातं. बहुतेक एआयओंमध्ये ब्लॉक तांब्याचा आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचाच असतो. त्यांना वाचवतं ते द्रावातलं गंजरोधक. म्हणून एआयओ उघडून त्यात इन्व्हर्टरच्या बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर भरणं घातक. सुट्या लूपमध्ये सगळं तांबं-पितळ ठेवावं आणि द्रावही गंजरोधक असलेलाच घ्यावा. डिस्टिल्ड वॉटर वीज वाहत नाही, गळालं तरी चालेल, हा समजही सोडावा. बोर्डावरची धूळ त्यात विरघळताच ते वीज वाहायला लागतं.

गळती तपासताना बोर्डाला वीज द्यायचीच नाही. एसएमपीएसच्या २४ पिनांच्या कनेक्टरमधली १६ क्रमांकाची पिन, जुन्या वायरींत हिरवी, शेजारच्या काळ्या वायरीच्या पिनेला जोडली की एसएमपीएस बोर्डाशिवाय चालू होतो. त्यावर एकटा पंप फिरवायचा, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवायचा आणि रात्रभर राहू द्यायचं. पाण्याचा डाग टिश्यूवर डोळ्याला दिसण्याआधी बोटाला लागतो. अधूनमधून कॅबिनेट कलती करायची, म्हणजे कोपऱ्यात अडकलेले बुडबुडे सुटतात.

सगळं जमलं तरी खोलीच्या तापमानाच्या खाली पाणी जात नाही. चंद्रपूरला मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि खोलीत ३८ असतील, तर बारा-पंधरा अंशांची भर पडून द्राव पन्नाशीच्या पुढे जातो. अनेक पंपांची मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते. तिथे एकेरी १२० च्या रेडिएटरवर दीडशे वॅटचा भार टाकू नये. थंड प्रदेशात जमलेलं गणित इथे जसंच्या तसं लागू होत नाही. फॅनचा वेगही प्रोसेसरच्या तापमानाऐवजी पाण्याच्या तापमानाला बांधावा. प्रोसेसर एका क्षणात वीस अंश उडी मारतो आणि फॅन उगाच बोंब मारतात. लूपमधलं अर्धा लिटर पाणी मात्र २०० वॅटवरही एक अंश तापायला दहा सेकंद घेतं, त्यामुळे फॅन शांतपणे चढतात-उतरतात.

एआयओ पाच-सहा वर्षांनी बदलावा लागतो असं धरून चालावं. कापलेला पत्रा तेव्हाही उपयोगी पडतो: नवा रेडिएटर कोणत्याही कंपनीचा घेतला तरी फॅनच्या भोकांमधलं अंतर तेच १०५ मिमी असतं, आणि पाणी नकोसं झालं तर त्याच भोकावर साधे दोन फॅन बसवून, प्रोसेसर इको मोडला टाकून कॅबिनेट पुढे वापरता येते.